निष्ठेला दोन वजने नकोत : दासोपंतांच्या गावातून मराठी ख्रिस्ती माणसांविषयी

१/
मागचा थ्रेड दासोपंतांच्या पासोडीवर होता. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर लिहिलेला तो ग्रंथ आमच्या अंबाजोगाईचे वैभव आहे, आणि आपण सर्वांनी त्याला भरभरून दाद दिलीत. परंतु त्याखालच्या प्रतिक्रियांत एका तरुण मित्राने लिहिलेले मत माझ्या मनातून जाईना. आशय असा : धर्मासाठी ताठ उभे कसे राहावे ते दासोपंतांकडून शिकावे, नाहीतर आपले मराठी ख्रिस्ती पाहा, मूठभर तांदळासाठी बाटले. त्या मताला शेकडो जणांनी पसंती दिली होती. हा थ्रेड त्या मताच्या विरोधात आहे.

२/
आधी एक किरकोळ गोष्ट. 'तांदळाचे ख्रिस्ती' हा शब्दप्रयोग आपला नव्हे. तो इंग्रजीतून आला. मराठवाड्यातला दुष्काळी माणूस तांदळासाठी बाटला असे म्हणणाऱ्याने बीडच्या शिवारात कधी पाऊल ठेवलेले नसावे. येथे भूक लागते ती ज्वारीची. उसना शब्द घेऊन शेजाऱ्याला हिणवताना निदान पीक तरी तपासून घ्यावे.

३/
आता मूळ मुद्द्याकडे. दासोपंतांना आपण कोणत्या गोष्टीसाठी थोर मानतो? परंपरा सांगते ती कथा अशी. त्यांचे वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळामुळे सरकारी वसूल भरता आला नाही, म्हणून बेदरच्या बादशहाने पोरवयाच्या दासोपंतांना ओलीस ठेवले. महिन्याभरात रक्कम आली नाही तर मुलाला मुसलमान करू, अशी अट घातली. मुलाने दत्ताचा धावा सोडला नाही. मुदत सरता सरता दत्ताजी पाडेवार नावाच्या कुणा पाडेवाराने येऊन रक्कम भरली आणि मुलगा सुटला. तो पाडेवार म्हणजे साक्षात दत्त, अशी भक्तांची श्रद्धा.

या कथेत चमत्कार आहे. परंतु आपण मुलाच्या पाया पडतो ते चमत्कारामुळे नव्हे. भीती समोर उभी असताना, सुटकेची सोपी वाट उघडी असताना, त्याने मनातले दैवत बदलले नाही, यासाठी पडतो. म्हणजे निष्ठा मोजण्याचे आपले वजन ठरलेले आहे : टिकून राहण्यासाठी माणसाने काय किंमत मोजली? माझे म्हणणे इतकेच की हेच वजन मराठी ख्रिस्ती माणसालाही लावावे.

४/
आरोप करणाऱ्यांची सगळी भिस्त एका दिवसावर असते, बाप्तिस्म्याच्या दिवसावर. त्या दिवशी पोटात भूक होती काय, मिशनची शाळा जवळ होती काय, साहेबाची ओळख होती काय, एवढेच ते विचारतात. प्रश्न गैर नाही. परंतु माणूस त्या दिवसानंतर पुढे तीस-चाळीस वर्षे जगतो. भूक भागते, साहेब बदली होऊन जातो, शाळा बंद पडते. मग जे उरते त्याचे काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या पानावर पुस्तक मिटू नये.

५/
सर्वात आधी प्रतिपक्षाला जे देणे आहे ते देऊन टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला पक्षपाती म्हणणार नाही.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली, हे खरे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ या दोहोंच्या काळात मिशनांच्या दारी लोक आले, आणि त्यांतले काही पुढे परतही गेले. खुद्द मिशनऱ्यांनाच या लोकांची शंका येत असे; बाप्तिस्मा द्यावा की थांबावे यावर त्यांच्यात खल चाले. मिशनच्या छापील साहित्यात हिंदू दैवतांची जी टवाळी आहे तिचेही समर्थन करण्याचे कारण नाही.

आणि गोवा. तेथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशन होते. तेथे ख्रिस्ती धर्म संकटात नव्हता. तोच सत्ता होता आणि इतरांवर संकट आणीत होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला ज्यांनी नदीपलीकडे रातोरात हलवली, त्या गोवेकरांची निष्ठा दासोपंतांच्याच तोलाची. वजन एकच म्हटले की ते येथेही लावावे लागते, आणि मी आनंदाने लावतो.

६/
परंतु त्याच गोव्यातली दुसरी गोष्टही ऐका. दासोपंत १६१५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, १६१६ मध्ये, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. दोघे समकालीन; एक जन्माने इंग्रज, एक आपला, आणि दोघांची छंदाची निवड एकच, ओवी. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनेच फर्मान काढून स्थानिक भाषेवर बंदी घातली. राज्यकर्ते ख्रिस्ती, ग्रंथ ख्रिस्ती, तरीही तो ज्या भाषेत होता ती भाषाच नकोशी झाली. आज 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या जुन्या छापील प्रतींपैकी एकही उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांतून, म्हणजे घराघरांत पिढ्यानपिढ्या नकलून ठेवणाऱ्या माणसांमुळे.

टिपूने १७८४ मध्ये कानडी किनाऱ्यावरील हजारो ख्रिस्ती कुटुंबांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले. सुटका झाली ती १७९९ मध्ये, पंधरा वर्षांनी. पाद्री नाहीत, देऊळ नाही. अशा बंदिवासात हे 'पुराण' वाचून लोकांनी धीर धरला, अशी आठवण मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात सांगितली जाते. आणि आपल्या हाती आलेली पहिली आधुनिक छापील आवृत्ती १९०७ मध्ये निघाली ती मंगळूरहूनच. मराठी ओव्या कुणी जपल्या याचा हिशेब करताना हे नाव आपल्या यादीत असते काय?

७/
आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ, कारण 'फायद्यासाठी' हा आरोप मुख्यतः त्या काळावर आहे.

फायदा म्हणजे नेमका कोणता? १८५० पर्यंत धर्म बदलणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क मुंबई इलाख्यात सुरक्षित नव्हता. त्या वर्षी झालेल्या एकविसाव्या कायद्याने तो वाचवला, परंतु तोही कंपनी सरकारच्या मुलखापुरता. आपला भाग निजामाचा. आणि कायद्याने हक्क दिला म्हणून भाऊबंदांनी दार उघडले असे थोडेच होते! सवर्ण घरातला मुलगा ख्रिस्ती झाला की घरात त्याचे सुतक धरीत, बायको माहेरी नेत. गावकुसाबाहेरच्या माणसाची तऱ्हा वेगळी. त्याने देवाच्या उत्सवातील वाजप किंवा गावकीचे एखादे काम नवा धर्म पुढे करून नाकारले, की बलुत्यावर गदा. ज्या समाजात वर्षाची भाकरी बलुत्यावर चालते तेथे या वाक्याचा अर्थ काय, हे ग्रामीण वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही.

८/
१८४३ साल. मुंबईत नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून पोरवयाचा. तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता; त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत रण माजले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी कंबर कसली, प्रायश्चित्तासाठी त्याला काशीस धाडण्यात आले, आणि या खटाटोपापायी खुद्द बाळशास्त्रींवर बहिष्काराची वेळ आली. न्यायालयाने सोडवून आणलेल्या एका अजाण मुलाला परत घेताना समाजाने एवढा घोळ घातला; मग स्वतःच्या मर्जीने गेलेल्या थोरल्या भावासाठी घराचे दार किती घट्ट लागले असेल!

९/
तो थोरला भाऊ पुढे आपल्याच प्रदेशात आला. जालन्याजवळ त्याने 'बेथेल' नावाची वस्ती उभी केली. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळातली ही गोष्ट. त्या वस्तीत आले ते बहुतांशी मातंग. नारायण शेषाद्रींनी पदरची जात टाकून ज्यांच्यात घर केले, त्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानीत. १८७३ मध्ये हेच गृहस्थ न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलले. एवढी ओळख असलेल्या माणसाला मुंबईत सुखाची नोकरी मिळाली नसती काय? फायदाच पाहावयाचा तर जालन्याचे रान कोण निवडील?

येथे कुणी म्हणेल, ब्राह्मण पुढारी होते, त्यांना नाव तरी मिळाले. मान्य. त्या वस्तीतल्या मातंग कुटुंबांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. मला स्वतःला या विषयात सर्वाधिक ओढ त्यांचीच आहे, आणि नेमके त्यांनीच लिहून काही ठेवलेले नाही. शाळाच मिळाली नव्हती, तर लिहिणार कसे?

१०/
पंडिता रमाबाईंविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आरोपकर्ते सर्वात जास्त चिखल त्यांच्यावरच उडवतात.

जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला आणि अरण्यात संसार मांडला. पुढे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी भटकंती. सत्तरच्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण, तिघेही गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी देशभर पायी हिंडले. ध्यानात घ्या : भुकेने बाटावयाचे असते तर ही मुलगी तेव्हाच बाटली असती. तिच्या आयुष्यात याहून मोठी भूक पुन्हा कधी आली नाही. त्या भुकेत तिने धर्म बदलला नाही.

११/
१८७८ मध्ये कलकत्त्याने तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, कडेवर तान्ही मनोरमा. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. म्हणजे १८८३ मध्ये इंग्लंडला जाताना ती आपल्या समाजात कीर्तीच्या शिखरावर होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला आणि ती कीर्ती एका दिवसात ओवाळून टाकली. त्याआधी काहीच दिवस तिच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या सखीने तेथेच आत्महत्या केली होती. एवढा आघात पाठीशी घेऊन घेतलेला हा निर्णय आहे. तो चूक होता असे कुणी म्हणू शकेल, स्वस्त होता असे म्हणता येणार नाही.

१२/
आणि गंमत पाहा, ज्यांच्या धर्मात ती गेली त्यांनाही ती सुखाने नांदू देईना! वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला तिचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. इंग्रजीत आहे, जरूर वाचा. तिला शाकाहार सोडावयाचा नाही. वधस्तंभावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा तिचा सवाल. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटेपर्यंत मान्य करणार नाही. चेल्टनहॅम येथे तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावरून बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हा तिने तीही मुकाट्याने गिळली नाही. येशू माझा, परंतु माझी सदसद्विवेकबुद्धी कुणा पुरोहिताच्या हाती देणार नाही, असा तिचा एकूण पवित्रा होता. पोटार्थी माणूस पोशिंद्याशी असा भांडतो काय?

१३/
भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत बसतात, या कारणाने 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे : विधवांचे शिक्षण म्हणून ज्यांनी मुली पाठवल्या होत्या त्यांना आपली फसगत झाली असे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु आपला विषय निष्ठेचा आहे. त्या क्षणी रमाबाईंनी मुलींसाठी प्रार्थनेचे दार बंद करण्याचे कबूल केले असते तर पुणे पुन्हा त्यांच्या पायाशी आले असते. त्यांनी तसे केले नाही. पुढे केडगावला जमीन घेऊन 'मुक्ती' उभी केली. दुष्काळी भागांत स्वतः फिरून मुली आणल्या. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

१४/
सरकारच्या मर्जीसाठी ख्रिस्ती झाली, असेही काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी १८९७ सालचा एक प्रसंग. पुण्यातील प्लेगच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांची जी अवस्था होती, तिच्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारवर उघड ठपका ठेवला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांना ते झोंबले; गोखल्यांनी इंग्लंडमध्ये त्या पत्राचा आधार घेतला. प्लेगच्या त्या दिवसांत सरकारवर बोट ठेवणे म्हणजे काय होते हे टिळकांच्या खटल्यावरून आपणास ठाऊकच आहे.

शेवटची वर्षे. कान बधिर झालेले. हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघे बायबल स्वतः मराठीत आणण्याचे काम हाती घेतलेले. छपाई मुक्तीतल्या बायकांच्या हातची. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या मुलीला कडेवर घेऊन सारी वादळे झेलली ती आईच्या आधी गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. इयोबाची कथा आपण बायबलमध्ये वाचतो. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, लेक, सगळे हिरावले गेल्यावरही देवाशी बोलणे न सोडणारी बाई तर आपल्या केडगावात होऊन गेली. त्या बाईला 'तांदळासाठी' म्हणणाऱ्याने आधी तिच्या चरित्राचे एक पान उलटावे.

१५/
नारायण वामन टिळकांचे थोडक्यात. ते चित्पावन, आमची योगेश्वरी ज्या कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी, त्या समाजातले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि संसाराचे दोन तुकडे झाले. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्या आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे. मधल्या वर्षांचा कल्लोळ 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि विनोदाच्या आड दडवलेले ते दुःख वाचताना हसू आणि हुंदका एकदमच येतो.

आरोपाशी संबंध असलेली बाब मात्र निराळी आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. मिशनऱ्यांचे वडीलकीचे वागणे, परदेशी पैसा, परदेशी तऱ्हा यांचा त्यांना वीट आला होता. ख्रिस्त आपल्या मातीतला वाटावा म्हणून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. ९ मे १९१९ रोजी ते गेले. म्हणजे पगार सोडला, ख्रिस्त सोडला नाही. पगारासाठी ख्रिस्ती झालेला माणूस याच्या नेमके उलट वागला असता.

१६/
एक आक्षेप मला गंभीर वाटतो. तो असा की, हे लोक टिकले कारण परतीची वाट बंद होती. श्रीपतचे उदाहरण मीच दिले. जातीत कुणी परत घेईना, मग राहिले जेथे होते तेथे. यात निष्ठा कोठे आली?

एकोणिसाव्या शतकापुरते पाहिल्यास या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मला खरी कसोटी विसाव्या शतकातली वाटते. आता परतीची वाट उघडी आहे. इतकेच नव्हे, परत येणाऱ्याला लाभही आहे.

१७/
१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याचा तिसरा परिच्छेद म्हणतो की हिंदू नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीची मानता येणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची आणि १९९० मध्ये बौद्धांची भर पडली. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. अर्थ उघड आहे. एकाच वस्तीतले, एकाच जातीचे दोन सख्खे भाऊ. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाला शिष्यवृत्ती, राखीव जागा, निवडणुकीतला राखीव मतदारसंघ, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण. दुसऱ्याला अनुसूचित जातीचा म्हणून यातले काही नाही. गावाने मात्र दोघांना पाणवठ्यावर सारखेच अडवलेले असते; विटाळाला बाप्तिस्म्याचा दाखला दिसत नाही.

१८/
मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणारे सूसाई नावाचे एक चर्मकार होते. सरकारने तशा कारागिरांना विनामूल्य टपऱ्या दिल्या. सूसाई ख्रिस्ती, म्हणून त्यांना नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८५ मध्ये हरले. एका टपरीसाठी धर्म बदलला असता तर? कागदावर एक ओळ बदलावयाची होती. त्यांनी न्यायालयाची पायरी चढणे पसंत केले, ती ओळ बदलली नाही.

२०१५ मध्ये के. पी. मनू यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की पूर्वजांच्या हिंदू धर्मात परतणाऱ्याला, मूळ जात सिद्ध झाल्यास आणि जातीने त्याला स्वीकारल्यास, अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळतो. म्हणजे वाट नुसती उघडी नाही, पलीकडे पानही वाढून ठेवलेले आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचवले. काही झाले नाही. २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. तोवर ख्रिस्ती दलितांच्या पिढीमागून पिढी हा तोटा दरवर्षी, दर दाखल्याला, दर नोकरीच्या अर्जाला सोसत आली आहे. 'फायद्यासाठी ख्रिस्ती' हा आरोप या एका आदेशासमोर उभाच राहू शकत नाही.

१९/
यावर लगेच उत्तर येते : अहो, कित्येक जण कागदावर हिंदू राहून रविवारी चर्चमध्ये जातात, त्याचे काय? होय, जातात. महाराष्ट्रातही असे लोक आहेत, आणि यास मी शौर्य म्हणणार नाही. कागदावरचे खोटे ते खोटेच. चर्चमधील वडीलधाऱ्यांनाही ते खुपते. परंतु दोन गोष्टी पाहा. एक, ज्यांनी दाखल्यावर खरे लिहिले आणि त्यापायी हक्क गमावले, त्यांच्याविषयी आपण कधी अवाक्षर काढतो काय? दुसरे, जो लपून का होईना प्रार्थनेला जातो, त्याला तेथे कोणता लाभ मिळतो? लाभ तर कागदावर आहे. चर्चमध्ये तो जे शोधावयास जातो ते फायदा या शब्दात बसत नाही. ओलीस ठेवलेल्या मुलाने बादशहासमोर तोंडाने काय म्हटले आणि मनात काय जपले, हा प्रश्न आपण दासोपंतांच्या कथेत तरी फार ताणत नाही.

२०/
मराठवाड्यातल्या वाचकांना याहून जवळची तुलना सांगतो. १९५६ मध्ये बाबासाहेबांसह लाखो लोक बौद्ध झाले. राज्याने त्यांना काही सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत ते आले १९९० मध्ये. चौतीस वर्षे. या काळात 'हिंदू' लिहिले असते तर केंद्राची नोकरी होती. असंख्यांनी 'बौद्ध' लिहिले आणि ती गमावली. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून आपल्या मराठवाड्यात ज्या वस्त्या जळाल्या, त्या आठवणाऱ्या माणसासमोर 'फायद्यासाठी बौद्ध झाले' असे म्हणण्याचे धाडस कोण करील? मग तोच तोटा १९५० पासून आजपर्यंत सोसणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याविषयी तेच वाक्य इतक्या सहज कसे उच्चारले जाते?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजावर टीका केली होती, हे मला कुणी सांगावयास नको. धर्मांतरानंतरही जात चर्चमध्ये शिरली, असा त्यांचा घाव होता आणि तो वर्मी बसणारा होता. परंतु ती टीका चर्चच्या व्यवस्थेवर आहे. बेथेलच्या मातंग आजीच्या प्रार्थनेवर नाही.

२१/
हा थ्रेड ख्रिस्ती धर्माच्या बाजूने नाही. मी दासोपंतांच्या समाधीला जातो, योगेश्वरीला नवस बोललेल्या घरातला आहे. ख्रिस्ताचा दावा खरा की खोटा हा माझा विषय नाही, आणि या थ्रेडखाली तो वाद घालू नये ही विनंती. माझा आक्षेप आपल्या वजनकाट्यावर आहे. आपल्या माणसाने भीती सोसली की ती निष्ठा, आणि दुसऱ्याने बहिष्कार, बलुतेबंदी, घरादाराचा वियोग आणि सत्तर वर्षांचा सरकारी तोटा सोसला की तो भुकेचा सौदा, असा काटा जो वापरतो त्याने निदान स्वतःला इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेऊ नये.

२२/
पुढचा थ्रेड बेथेलवर करण्याचा विचार आहे. जालना, बीड, धाराशिव भागातील ज्या मित्रांच्या घरी जुन्या ख्रिस्ती वस्त्यांच्या आठवणी असतील, आजी-आजोबांनी दुष्काळाच्या, विहिरीच्या, शाळेच्या गोष्टी सांगितल्या असतील, त्यांनी त्या लिहून पाठवाव्यात. नावे छापणार नाही. घरात जुने मराठी गीतपुस्तक असेल तर आतल्या कोऱ्या पानाचा फोटो काढा. जन्ममृत्यूच्या नोंदी बहुधा तेथेच सापडतात.

आणि मागच्या थ्रेडखाली ते मत लिहिणाऱ्या मित्रास : आपण अंबाजोगाईस याल तेव्हा पासोडी पाहू, मग गाडी काढून जालन्याला जाऊ. सकाळी निघालो तर संध्याकाळपर्यंत परत येऊ.